चहात खिळा टाकला तर?

बालमित्रांनो, सकाळी उठलात, तोंड धुतलंत, की पहिलं काय? पुष्कळ घरांत उत्तर एकच : चहा-पोळी! आपल्या भंडारा जिल्ह्यात तर पाहुणा दारात आला रे आला, की चुलीवर चहाचा गंज चढतो. शहापूरहून नागपूरकडे निघा नाहीतर भंडाऱ्याकडे, हमरस्त्यावर चहाची टपरी दिसणारच. इतका ओळखीचा हा चहा. पण त्याच्या एका कपावर जगभरच्या शास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं डोकं चालवलं आहे. त्यातली एक गोष्ट आज आपण घरीच करून पाहू.

मोठ्या माणसाला सोबत घ्या. दूध-साखर न घालता थोडा कडक चहा करून घ्या, गाळा आणि थंड होऊ द्या. काचेच्या दोन जुन्या ग्लासांत तो सारखा ओता. एका ग्लासात चार-पाच साधे लोखंडी खिळे टाका, थोडे गंजलेले असले तरी चालतील. स्टीलचे नकोत. दुसरा ग्लास तसाच राहू द्या. रात्रभर दोन्ही ग्लास उंचावर, लहान भावंडांचा हात पोचणार नाही असे ठेवा. सकाळी बघा. खिळ्यांचा चहा शाईसारखा काळपट झालेला दिसेल. तो कुणीही प्यायचा नाही हं! मोरीत ओतून द्यायचा आणि हात धुवायचे.

हे कसं झालं? चहा तोंडात घेतला की जीभ जराशी आखडल्यासारखी वाटते ना? ती तुरट चव ज्या द्रव्यांमुळे येते त्यांना पॉलिफिनॉल म्हणतात. त्यांना लोखंड भेटलं की दोघांची गट्टी जमते आणि काळा पदार्थ तयार होतो. आपल्या पूर्वजांना ही युक्ती ठाऊक होती. तुरट हिरडा आणि लोखंडाचा क्षार असलेला हिराकस यांची ते शाई करत. म्हणजे तुमच्या ग्लासात झाली ती एक प्रकारची शाईच!

आता खरी गंमत पुढे आहे. अशीच गट्टी आपल्या पोटातही जमते. आपल्या रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनचा आणि हिमोग्लोबिन तयार व्हायला लोह लागतं. ते आपल्याला पालेभाज्या, डाळी, बाजरी, तीळ यांतून मिळतं. पण जेवता जेवता चहा प्यालो, तर चहातली तुरट द्रव्यं त्या लोहाला पकडून ठेवतात. ते रक्तात न जाता शरीराबाहेर पडतं. आईनं मेथीची भाजी केली, तुम्ही मुकाट्यानं खाल्लीत आणि वर चहा घेतलात, तर त्या मेहनतीचा बराचसा भाग फुकट!

हे कुणी नुसतं अंदाजानं सांगितलेलं नाही. १९७५ साली दक्षिण आफ्रिकेतल्या संशोधकांनी माणसांना पाव, भात असे पदार्थ चहासोबत आणि चहाशिवाय देऊन लोह किती शोषलं जातं ते मोजलं. चहासोबत ते स्पष्टपणे घटलं. १९८३ साली अमेरिकेत एका जेवणासोबत कपभर चहा दिला, तेव्हा लोहाचं शोषण ६४ टक्क्यांनी कमी झालं. कॉफीनं ३९ टक्क्यांनी. जेवणाच्या तासभर आधी कॉफी दिली तेव्हा मात्र काही फरक पडला नाही.

तुमच्यातला एखादा हुशार लगेच म्हणेल, "पण बाई, आम्ही तर दुधाचा चहा पितो!" प्रश्न चांगला आहे. १९९९ साली तेही तपासून झालं. चहात दूध घातल्यानं या बाबतीत जवळजवळ काहीच फरक पडत नाही. मग उपाय? २०१७ साली इंग्लंडमधल्या एका लहानशा अभ्यासात जेवणानंतर तासभर थांबून चहा दिला, तेव्हा तोटा सुमारे निम्म्यावर आला. म्हणजे घड्याळ हाच उपाय!

पालकहो, आता दोन शब्द तुमच्यासाठी. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, देशातल्या १५ ते १९ वर्षांच्या १०० मुलींपैकी ५९ जणींना रक्तक्षय असल्याचं आढळलं. वर्गात डोळे जड होणारी, जिना चढताना दम लागणारी मुलगी आळशी असतेच असं नाही. तिचं रक्त कमी असू शकतं. त्याला एकटा चहा कारण नाही. ताटात लोह कमी असणं, पोटातले जंत अशी आणखीही कारणं असतात. पण चहाची वेळ बदलायला एक पैसाही लागत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी मिळते, लहानांना गुलाबी आणि दहा वर्षांपुढच्यांना निळी. ती गोळी कृपा करून चहाच्या घोटासोबत देऊ नका. त्यापेक्षा जेवणात लिंबू पिळा. आवळा, पेरू द्या. त्यांतलं क जीवनसत्त्व लोहाला रक्तात जायला मदत करतं. आणि आपल्या विदर्भात सिकलसेलचे रुग्णही बरेच आहेत. तो आजार जन्मजात असतो, चहामुळे होत नाही; त्या मुलांना लोहाची गोळी द्यायची की नाही, हे डॉक्टरांनाच विचारावं.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली हेच सांगितलं आहे : जेवणाआधी निदान एक तास आणि जेवणानंतर एक तास चहा-कॉफी टाळा. चहाच्या एका कपात ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन असतं आणि मोठ्या माणसानं दिवसभरात ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये, असंही ही संस्था सांगते. कॅफिन झोप पळवतं. तुमचं शरीर लहान, तेव्हा त्याचा जोरही जास्त. म्हणून संध्याकाळचा चहा मुलांनी नकोच.

मग चहा वाईटच का? तसंही नाही. इंग्लंड आणि आसपासच्या भागातल्या जवळजवळ ५ लाख प्रौढांवर बरीच वर्षं लक्ष ठेवलं गेलं. २०२२ साली त्याचा निष्कर्ष आला : रोज दोन-तीन कप किंवा अधिक चहा पिणाऱ्यांमध्ये मृत्यूचा धोका थोडा कमी दिसला. पण इथं जपून! पावसाळ्यात छत्र्या उघडतात आणि बेडूकही ओरडतात, म्हणून छत्रीमुळे बेडूक ओरडतो का? दोन गोष्टी सोबत दिसल्या म्हणजे एक दुसरीचं कारण ठरत नाही. बातमीत 'चहा प्या, आयुष्य वाढवा' असं वाचलंत, तर हा बेडूक आठवा.

एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ साली ६५ अंश सेल्सियसहून गरम पेयं ही अन्ननलिकेच्या कर्करोगाचं संभाव्य कारण ठरवली. दोष चहाचा नाही, चटक्याचा. तेव्हा बशीत ओतून, फुंकर मारत चहा पिणाऱ्या आजोबांना हसू नका. त्यांची बशी शास्त्राला धरूनच आहे!

तर मुलांनो, या आठवड्याचं काम : खिळ्यांचा प्रयोग करा आणि काय दिसलं ते वहीत लिहा. शिवाय घरात कोण केव्हा चहा पितं आणि केव्हा जेवतं, याचा सात दिवसांचा तक्ता करा. दोन्हींत तासाचं अंतर किती वेळा राहिलं, ते मोजा. आणि मग तो तक्ता आईला दाखवा. सगळ्यांचं जेवण आटोपल्यावर जेवते आणि ताट उचलताच चहा घेते ती बहुधा तीच. तिच्या रक्ताची काळजी कुणी घ्यायची? तुम्हीच ना!