टपाल ज्याचे, अधिकार त्याचा

दृष्टिहीन माणूस संगणकावर टपाल वाचतो, हे आपल्यापैकी पुष्कळांना अजून खरे वाटत नाही. पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी सोय आता विनामूल्य मिळते. तिचे नाव एनव्हीडीए. ऑस्ट्रेलियातील मायकेल करन या दृष्टिहीन तरुणाने ती २००६ साली सुरू केली.

अडचण येते ती कंपन्या आपली पाने बदलतात तेव्हा. गूगलने २०२४ च्या सुरुवातीस जीमेलचे जुने साधे रूप बंद केले. त्यात प्रत्येक पत्रापुढे चौकट असे आणि वर पुसण्याचे बटण. बोटांना ती वाट पाठ झाली होती. नव्या पानावर पत्र ऐकू येते, पण पुसायचे कुठून ते सापडत नाही. जाहिरातींचा ढीग साचतो आणि मुलाखतीचे बोलावणे त्याच्या तळाशी जाते. दिव्यांगांसाठी सरकारी नोकऱ्यांत किमान ४ टक्के जागा राखणारा कायदा २०१६ साली झाला. पण बोलावणेच वेळेवर कळले नाही, तर त्या जागेचा काय उपयोग?

यावर उपाय आहे. आम्ही तो क्रमाने सांगतो.

प्रथम जीमेलच्या सेटिंग्जमध्ये कीबोर्ड शॉर्टकट चालू करून बदल जतन करावा. पत्रांच्या यादीत आल्यावर इन्सर्ट आणि स्पेस एकत्र दाबावे, म्हणजे अक्षरांच्या कळा थेट जीमेलला पोहोचतात. मग जे दाबले की पुढचे, के दाबले की मागचे पत्र. नको असलेल्या पत्रावर एक्स दाबून ते निवडावे आणि शिफ्ट धरून ३ दाबावे. पत्र कचऱ्यात जाते. चुकीचे गेले तर लगेच झेड दाबावे, ते परत येते. तेवढेही राहिले तरी घाबरू नये. कचऱ्यातले पत्र ३० दिवस टिकते.

घरातील डोळस मंडळींना आमची एक विनंती आहे. पहिल्या दिवशी सेटिंग्ज शोधून देण्यास जरूर बसा, पण "आण, मीच पुसून देतो" असे म्हणू नका. दुसऱ्याचे पत्र आपण विचारल्याशिवाय फोडत नाही, मग हे तरी का फोडावे? कोणते ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे ज्याचे त्यानेच ठरवायचे असते.