मनोरा कुठे हरवतो?

तंजावर म्हटले की मराठी माणसाला आठवतात ते तिथले भोसले राजे आणि त्यांचा सरस्वती महाल. पण तंजावरहून सुमारे ६५ किलोमीटरवर, पट्टुकोट्टैच्या पुढे, समुद्रकाठी दुसऱ्या सरफोजीराजांनी बांधलेला आठमजली षट्कोनी बुरूज फारसा कुणाला ठाऊक नसतो. नेपोलियनच्या पराभवाची आठवण म्हणून तो १८१४-१५च्या सुमारास उभा राहिला. (इंग्रजांच्या विजयाचा राजांना एवढा उत्साह का, हा प्रश्न वेगळा!) नाव मात्र आपल्या ओळखीचे: मनोरा.

त्याची उंची सुमारे ७५ फूट. हिशेबाने माथा सतराएक किलोमीटरवरून होडीतल्या माणसाला दिसायला हवा. पण ढग नाही, धुके नाही, तरी किनाऱ्यावर पांढुरका पडदा पसरतो आणि बुरूज त्यात विरून जातो. असे का?

हा पडदा बराचसा मिठाचा असतो. लाट फुटताना पाण्यात हवेचे बुडबुडे अडकतात. ते वर येऊन फुटले की बारीक तुषार उडतात. त्यांतले पाणी आटते, मीठ हवेत तरंगत राहते. कण इतके लहान, की एका मिलिमीटरच्या रांगेत हजारभर सहज मावावेत.

पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटते, ते कोणत्या गृहिणीला सांगायला नको. हवेतल्या कणांचेही तेच होते. आर्द्रता ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की कण पाणी शोषून थेंब बनतो. व्यास जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे प्रकाश अडवणारे क्षेत्र चौपट! दुपारी हवा थोडी सुकली तरी थेंब लगेच आटत नाही. आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत तो पाणी धरून ठेवतो, आणि समुद्रकाठी एवढी कोरडी हवा क्वचितच मिळते.

हवेचे रेणू अतिसूक्ष्म, म्हणून ते निळा प्रकाश जास्त विखुरतात आणि आकाश निळे दिसते. मिठाचे थेंब त्यांच्या मानाने अगडबंब. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून पडदा पांढरा. शिवाय हा विखुरलेला प्रकाश बहुतेक पुढच्याच दिशेने जातो. त्यामुळे सूर्य समोर असला की डोळे दिपतात, पाठीशी असला तर तीच हवा बरीच स्वच्छ भासते.

मनोऱ्याच्या पूर्वेला समुद्र आहे. सकाळी किनाऱ्याकडे वळणाऱ्या कोळ्याच्या पाठीशी सूर्य असतो. संध्याकाळी परतणाऱ्याला मात्र मनोरा शोधायचा असतो तो मावळत्या सूर्याच्या बाजूला, ऐन चकाकीत.