लाटांचा मार आणि पोलादाचा शीण

समुद्रात पवनचक्क्या उभारण्याचा विषय निघाला की चर्चा होते ती बहुधा वादळांची. अभियंत्यांची चिंता मात्र वेगळीच असते. दर ८ सेकंदांस एक लाट धरली तरी वर्षाला सुमारे ४० लाख आणि २५ वर्षांत जवळजवळ १० कोटी लाटा एकाच खांबावर आदळतात. खांब मोडण्याचे बळ त्यांतील एकीतही नसेल. पण प्रत्येक लाटेसरशी पोलाद किंचित वाकते, सरळ होते, आणि वेल्डिंगच्या सांध्यात केसाएवढी चीर असल्यास ती तसूतसूने वाढत जाते. धातूचा हा शीण वरून दिसत नाही.

याचा सर्वांत भीषण दाखला पवनचक्कीचा नसून तेलक्षेत्राचा आहे. २७ मार्च १९८० रोजी उत्तर समुद्रातील एकोफिस्क येथे 'अलेक्झांडर किएलँड' हा नॉर्वेचा तरंगता निवासमंच उलटला व त्यावरील २१२ जणांपैकी १२३ जण प्राणांस मुकले. एका आधारनळीवर ध्वनिग्राहक बसविण्यासाठी केलेल्या किरकोळ जोडकामात पहिली चीर पडल्याचे चौकशीत निष्पन्न झाले. त्या चिरेत रंगाचे अंश सापडले. म्हणजे मंच कारखान्यातून निघाला तेव्हाच ती तेथे होती! पुढच्या चार वर्षांत लाटांनी तिला वाढविले, एवढेच.

पवनचक्कीचे दुखणे याहून गुंतागुंतीचे आहे. उंच खांबाचा एक डोल साधारणतः तीन-चार सेकंदांचा असतो. लहान लाटाही जवळपास त्याच तालात येतात आणि झोपाळ्याला वेळेवर झोका मिळावा तसा खांब अधिकच डोलू लागतो. फिरती पाती हा डोल बऱ्याच अंशी आवरून धरतात. यंत्र बंद पडले की तो आवरही जातो. तेव्हा बंद चक्की सुरक्षित, हा समज भाबडा म्हणावा लागेल.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने गुजरात व तामिळनाडूच्या समुद्रात प्रत्येकी ५०० मेगावॅटच्या प्रकल्पांसाठी ७,४५३ कोटी रुपयांची योजना मंजूर केली. खांब उभे राहतीलही. पण पंधराव्या वर्षी त्यांचे सांधे पाण्याखाली उतरून कोण तपासणार? पश्चिम किनाऱ्यावर लाटांचा मार सर्वाधिक असतो तो पावसाळ्यात, आणि पाणबुड्यांना काम अशक्य होते तेही नेमके त्याच महिन्यांत. मुंबई हाय येथे १९७६ पासून तेल काढणाऱ्यांना या अडचणीची पुरेपूर जाणीव आहे. त्यांचा अनुभव आखणीच्या वेळीच विचारात घ्यावयास हवा. पायात पहिल्या दिवसापासून ताण मोजणारी उपकरणे बसविण्याची अट सरकारने अनुदानाबरोबरच घालावी, आणि पैसा जनतेचा असल्याने त्या नोंदी कंपनीच्या कपाटात न ठेवता विद्यापीठांतील संशोधकांना खुल्या कराव्यात.