भावाची वाट आणि वहीचे पान

सन २०२३ च्या उन्हाळ्यात सिल्लोड तालुक्यातील खेड्यांतून फिरणाऱ्याच्या नजरेस एक गोष्ट पडल्यावाचून राहत नव्हती. ओसरी, माजघर, कोठे कोठे तर निजावयाची खोलीदेखील कापसाने आढ्यापर्यंत भरलेली, आणि घरची माणसे अंगणात पथारी टाकून निजत. साठविलेल्या कापसाने अंगास खाज सुटते म्हणून मुले कुरकुरत, उंदरांचा उपद्रव वाढलेला, विडीच्या ठिणगीचे भय अहोरात्र. तरीही विक्रीची गोष्ट काढली की उत्तर ठरलेले असे : दहा हजार झाल्याखेरीज गाडी भरावयाची नाही.

हा दहा हजारांचा आकडा आला कोठून? तो आदल्या हंगामातून आला. २०२१-२२ साली कापसाने क्विंटलमागे दहा हजारांची मजल ओलांडली. ज्याने त्या साली दिवाळीत कापूस विकला तो हळहळला आणि ज्याने उन्हाळ्यापर्यंत ठेवला तो गावात शहाणा ठरला. पुढील साली सगळेच शहाणे व्हावयास निघाले. परंतु साडेआठ-नऊ हजारांच्या घरात असलेला भाव उतरत उतरत उन्हाळ्याअखेर सात हजारांच्या आसपास येऊन बसला. आम्हीही त्या मोहातून सुटलो नाही, हे येथे कबूल करणे प्राप्त आहे. आमच्या घरचा कापूस मृगाच्या तोंडावर, बियाण्याची उधारी दारात उभी असता, मिळेल त्या भावाने गेला.

वाचकांचा गैरसमज होऊ नये म्हणून प्रथमच सांगतो की, माल ठेवणे हे आम्ही चुकीचे मानीत नाही. काढणीबरोबर सारा माल बाजारात ओतून भाव पाडून घेण्यापेक्षा थोडा दम धरणे केव्हाही बरे. आमचा आक्षेप निराळा आहे. किती माल ठेवावयाचा, कोणत्या तारखेपर्यंत ठेवावयाचा, आणि भाव चढण्याऐवजी उतरू लागला तर काय करावयाचे, या तिन्ही प्रश्नांचे उत्तर ठरविल्यावाचून जो माल ठेवतो त्याने निर्णय घेतला असे म्हणता येत नाही. त्याने निर्णय टाळला, इतकेच. आणि टाळलेला निर्णय पुढे सावकार घेतो, पाऊस घेतो, नाहीतर मुलीच्या लग्नाची तिथी घेते.

थोडा हिशेब करून पाहू. समजा, चाळीस क्विंटल कापूस घरात आहे आणि भाव ८,५०० आहे. म्हणजे ३,४०,००० रुपये. दुकानाची उधारी एक लाख, व्याज दरमहा शेकडा दोन. सहा महिन्यांत व्याज झाले बारा हजार. कापूस वाळून वजनात शेकडा चार घट आली असे धरले तर राहिला ३८.४ क्विंटल. आता सहा महिन्यांपूर्वी जितके पदरात पडत होते तितकेच पडावयास भाव सुमारे ९,१६७ हवा. म्हणजे क्विंटलमागे साडेसहाशेहून अधिक वाढ झाली तरी नफा शून्य, आणि खाज व उंदीर ही वरकड! उलट सात हजारांनी विकला तर व्याज वजा जाता २,५६,८०० हाती येतात, आणि ८३,२०० रुपयांची बूड लागते. हा हिशेब चौथी शिकलेल्या मुलासही येतो. तो आपणांस येत नाही असे नाही. आपण तो करीत नाही, कारण केला तर दहा हजारांचे स्वप्न मोडते.

कोणी म्हणेल, भाव शेतकऱ्याच्या हाती नाही. एप्रिल २०२२ मध्ये सरकारने कापसावरील आयातशुल्क उठविले, अशा गोष्टींपुढे शेतकऱ्याच्या निग्रहाचे काय चालणार? म्हणणे खरे आहे, आणि धोरणाविरुद्ध बोलावयाचे तेथे आम्ही बोलतच राहू. परंतु भाव हाती नाही म्हणूनच जे हाती आहे ते सोडून चालत नाही. तारीख आणि वजन ही दोन्ही आपल्या हाती आहेत.

हे दुखणे आजचे नव्हे. अमेरिकेत १८६१ ते १८६५ पर्यंत यादवी युद्ध चालले तेव्हा मुंबईत कापसास सोन्याचे मोल आले. आपल्या अजिंठ्याच्या डोंगराखाली खानदेशात त्या वेळी गाड्यांच्या चाकांना चांदीच्या धावा बसविल्याच्या गोष्टी सांगतात. त्या कितपत खऱ्या हे बाजूस ठेवू. युद्ध संपले, भाव कोसळला, मुंबईचे शेअरवाले १८६५ त बुडाले. शेतकऱ्याच्या अंगावर मात्र तेजीच्या साली वाढलेला खर्च आणि कर्ज राहिले. पुढे १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांचे कागद जाळले. त्या उठावाची कारणे अनेक होती, वाढलेला सारा हे त्यांतील मोठे. तथापि तेजीच्या भावावर काढलेले कर्ज मंदीच्या भावाने फेडावे लागणे हेही त्यांत होतेच.

तेजीच्या साली घेतलेले निर्णय अधिक घातक असतात ते यामुळेच. कापसाचा भाव एका हंगामाचा, परंतु त्यावर बांधलेला ट्रॅक्टरचा हप्ता पाच वर्षांचा! आल्याचेही तसेच झाले. २०२३ साली आल्यास जो भाव मिळाला तो पाहून अनेकांनी महागडे बेणे आणून लागवड वाढविली, आणि ते पीक निघाले तेव्हा भाव पार खाली आला होता. आमच्या तालुक्यातील मिरचीवाल्यांस हा अनुभव नवा नाही. गेल्या सालच्या भावाकडे पाहून यंदाची रोपे लावणे म्हणजे गेलेल्या एस. टी.च्या मागे पळणे होय.

मग करावे काय? मन आवरा, असा उपदेश करणे सोपे आहे. परंतु भाव डोळ्यांसमोर नाचत असता मन आवरत नाही, हे आम्ही स्वतःवरून जाणतो. मन शांत असते तेव्हाच ठरवून ठेवावे, आणि ते चार माणसांत ठरवावे, म्हणजे मोडताना लाज वाटते. घरोघरीच्या बायका बचत गटात हेच करतात. ठरल्या तारखेस सर्वांदेखत वही वाचली जाते, म्हणून हप्ता चुकत नाही. त्यांच्या नवऱ्यांची वहीच नसते! कित्येक घरांत दुकानाची उधारी किती हे घरधनिणीस विचारून कळते, आणि विक्रीच्या मसलतीस मात्र तिला बसवीत नाहीत. हा उलटा कारभार आम्हांस कधी समजला नाही.

पोळ्याचा सण कापसाच्या पहिल्या वेचणीच्या अगोदर येतो. त्या दिवशी एक पान लिहावे : देणे किती, ते फिटेल इतका माल पहिल्या वेचणीतून विकावा, उरलेल्यापैकी किती ठेवावा, आणि कोणत्या तारखेस, भाव काहीही असो, बाहेर काढावा. पीककर्ज मुदतीत फेडणाऱ्यास व्याजाची सवलत मिळते, ती तारीखही त्याच पानावर असावी. मक्याच्या बाबतीत कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्यावर कर्ज घेता येते, म्हणजे गरजही भागते व मालही राहतो. कापसास ती सोय नसल्याने तेथे तारखेची शिस्त अधिक हवी.

आमच्या घरी असे पान लिहिले आहे. निम्मा कापूस देण्यासाठी ताबडतोब, चौथा हिस्सा संक्रांतीस, आणि राहिलेला ३१ मार्चपर्यंत. दोघांनी सह्या केल्या. धाकट्या चिरंजीवांचे म्हणणे तारीख १५ एप्रिल असावी असे आहे, आणि हा वाद ही ओळ लिहीपर्यंत मिटलेला नाही.