पाणी कोणाच्या विहिरीत?

घाटकोपर, भांडुप, मुलुंड येथील आमच्या वाचकांपैकी कितीतरी कुटुंबे 1972 च्या दुष्काळात नगर व बीडकडून मुंबईत आली. गावात पाणी नव्हते व घरात भाकरी नव्हती, म्हणून ती आली. गाव सुटले, पण मागे राहिलेला भाऊ, म्हातारी आई आणि गायरानातील एखादा एकर तुकडा यांचे पाश सुटले नाहीत. म्हणून त्या गावांत पाणी परत आणण्याचे जे प्रयत्न झाले त्यांची चिकित्सा करणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. त्यांतील एक मोठा प्रयत्न ख्रिस्ती धर्मगुरूंच्या पुढाकाराने झालेला आहे.

फादर हर्मन बाखर हे मूळचे स्वित्झर्लंडचे जेझुइट धर्मगुरू. 1948 साली ते भारतात आले आणि पुढे अहमदनगर येथील सोशल सेंटरमधून कोरडवाहू शेतकऱ्यांत त्यांनी आयुष्य वेचले. 2021 साली त्यांचे निधन झाले. विहिरीला कर्ज काढून दिले तरी विहिरीत पाणीच नसेल तर शेतकरी कर्जातच बुडतो, म्हणून पावसाचे पाणी डोंगरमाथ्यापासून पायथ्यापर्यंत अडविले पाहिजे, हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. त्यातून नाबार्ड व जर्मन शासनाच्या साहाय्याने इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम उभा राहिला आणि 1993 मध्ये फादर क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यांनी वॉटर ही संस्था स्थापन केली.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. गावाने आधी श्रमदान करून आपली तयारी सिद्ध करावी. पाणलोट समिती ग्रामसभेने नेमावी. पैसा ठेकेदाराच्या हाती न जाता समितीच्या खात्यावर यावा आणि त्याचा हिशेब गावापुढे मांडला जावा. डोंगरावर चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळावी. संगमनेर तालुक्यातील दरेवाडी येथे 1996 ते 2001 या काळात असे काम झाले. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या त्या गावाच्या विहिरींना पाणी आले, हे कोणीही नाकारू नये. युगांडा, केनिया, टांझानिया या देशांतील खेड्यांतही अनेक चर्चमंडळ्या हीच वाट चालत आहेत : बाहेरच्या दानाकडे डोळे लावण्यापूर्वी आपल्या हाती काय आहे ते आधी गावकऱ्यांनीच मोजावे. ही भिक्षा नव्हे, आणि म्हणूनच आम्हांला तिचे मोल वाटते. आमच्या विहारांच्या समित्यांनीही जयंतीच्या वर्गणीपलीकडे असा हिशेब कधी मांडून पाहावा!

परंतु प्रशंसा येथे थांबवून एक प्रश्न विचारलाच पाहिजे. परमपूज्य बाबासाहेबांनी मिशनऱ्यांच्या कार्याची तपासणी करताना एक कसोटी लावली होती. मिशनच्या शाळा आणि दवाखाने उभे राहिले खरे, पण त्यांचा लाभ मुख्यतः वरिष्ठ वर्गांनी घेतला. धर्मांतर केलेला अस्पृश्य मात्र अन्यायाशी झगडण्याच्या कामी एकाकीच राहिला, अशी त्यांची टीका होती. तीच कसोटी पाण्याला का लावू नये? अडविलेले पाणी जमिनीत मुरते आणि ज्याच्या शेतात विहीर असते त्याच्या विहिरीत उतरते. ज्याला जमीन नाही त्याच्या वाट्याला काय येते? बांधबंदिस्तीची मजुरी, तीही काम चालू असेपर्यंत. भूमिहीनांना श्रमदानातून सूट देण्याची तरतूद या कार्यक्रमात होती, हे न्यायाला धरूनच झाले. पण चराईबंदीतून सूट कोणाला? बागायतदाराचा बैल गोठ्यात कडबा खाऊन राहतो. भूमिहीन विधवेच्या चार शेळ्या मात्र गायरानावरच जगतात, आणि बंदीच्या वर्षांत त्या विकल्या जातात. डोंगर हिरवा झाला म्हणून त्या परत येत नाहीत.

याहून गंभीर गोष्ट अशी की त्याच गायरानात आमच्या पुष्कळ बांधवांची कसवणूक आहे. जमिनीच्या हक्कासाठी कर्मवीर दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 व 1964 साली हजारो स्त्रीपुरुष तुरुंगात गेले, ते यासाठीच. 14 एप्रिल 1990 पूर्वीची भूमिहीन व अनुसूचित जातींच्या लोकांची अतिक्रमणे नियमित करण्याचा शासननिर्णय 28 नोव्हेंबर 1991 रोजी निघाला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये जगपालसिंग प्रकरणात गायराने मोकळी करण्याचे आदेश दिले. तथापि शासकीय आदेशान्वये भूमिहीनांना वा अनुसूचित जातींना दिलेल्या जमिनींचा अपवाद त्या निकालातच नमूद आहे. गावात हा निकाल वाचून दाखविताना नेमका हा अपवादच गाळला जातो, असा आमचा वकिलीतील अनुभव आहे. (1990 च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातींचे संरक्षण मिळाले; त्याच वस्तीतील ख्रिस्ती झालेल्या भावाला ते आजही नाही. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.)

तेव्हा पाणलोटाला विरोध करावा काय? मुळीच नाही. संमतीपूर्वी आपला वाटा लिहून घ्यावा. गायरानातील गवत कापून नेण्याचा पहिला हक्क भूमिहीनांना असावा. कसणाऱ्याचा तुकडा चर खणण्याच्या नकाशातून वगळावा. नव्या तलावातील मासेमारी भूमिहीनांच्या गटाला मिळावी. समितीत वस्तीतील स्त्री केवळ अंगठ्यापुरती नसावी. अशा अटी ठरावात येतात तेव्हाच त्या पाळल्या जातात. नुसत्या तोंडी आश्वासनाला कायद्यात किंमत नाही.

मुंबईकर बांधवांनी एवढे ध्यानात ठेवावे : ग्रामसभेचा सभासद तोच, ज्याचे नाव त्या गावच्या मतदार यादीत आहे. तुमचे नाव घाटकोपरच्या यादीत असेल तर तेथे मत तुमच्या भावाचे, तुमचे नव्हे. परंतु 1 मेच्या ग्रामसभेस मुलांच्या सुट्टीत तुम्ही गावी असताच. शासननिर्णयाची प्रत, कसवणुकीचे जुने दंडपावती-कागद व पीकपाहणीचे उतारे बरोबर न्या, भावाजवळ द्या, आणि ठराव वाचून होईपर्यंत त्याला कोणत्याही कागदावर सही करू देऊ नका.