अंगणातला पाऊस मोजू या



पावसाळा लागला की इंदूरमध्ये एक वाद ठरलेला. राजवाड्याकडचे म्हणतात, धो-धो पडला. विजयनगरवाले म्हणतात, रस्तासुद्धा भिजला नाही. दोघेही खरेच बोलत असतात. वर्तमानपत्रात मात्र एवढ्या मोठ्या शहराचे एक-दोनच आकडे येतात.

२६ जुलै २००५ चा मुंबईचा पाऊस पालकांना आठवत असेल. चोवीस तासांत सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर नोंदला गेला. त्याच शहरात कुलाब्याला जेमतेम ७३. कुलाब्याचाच आकडा हाती असता, तर त्या प्रलयाची कल्पना कोणाला आली असती?

असाच अनुभव अमेरिकेतील कॉलोराडो राज्यातल्या फोर्ट कॉलिन्स गावाने २८ जुलै १९९७ रोजी घेतला. गावाच्या पश्चिमेला काही तासांत १० इंचांहून अधिक पाऊस कोसळला, पूर्वेला २ इंचही नाही. पुरात पाच जीव गेले, विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या तळघरात पाणी शिरले. तेव्हा नोलन डोस्केन या हवामानतज्ज्ञांनी १९९८ मध्ये सामान्य नागरिकांनाच हाताशी धरले. घराच्या अंगणात चार इंच तोंडाचे पर्जन्यमापक लावायचे आणि रोज सकाळी ठरल्या वेळी आकडा कळवायचा. 'कोकोराझ' नावाचे हे काम पुढे अमेरिकेच्या पन्नासही राज्यांत पसरले. शाळकरी मुले, शेतकरी, निवृत्त मंडळी, सगळे त्यात आहेत.

आपल्याला ही गोष्ट परकी नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कोठारापाशी हातभर तोंडाचे कुंड ठेवून पाऊस मोजण्यास सांगितले आहे. आपल्या अवंतीचा पाऊस त्यात २३ द्रोण दिला आहे, आणि अपरान्ताचा, म्हणजे कोकणाचा, अमित!

काही पालक विचारतात, मोबाइलवर सगळे कळते, मग हा खटाटोप कशाला? उपग्रह आणि रडार पावसाचा अंदाज देतात. तो बरोबर की चूक, हे जमिनीवरच्या मोजमापानेच ताडून पाहावे लागते. पण आमच्या दृष्टीने त्याहून मोठे कारण दुसरे आहे. हल्ली प्रोजेक्ट इंटरनेटवरून उतरवला जातो. आपल्या अंगणातला आकडा कुठूनही उतरवता येत नाही. तो स्वतः जाऊन पाहावा लागतो.

आणि रोज पाहावा लागतो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहायचे. शून्याचा अर्थ 'पाहिले, पाऊस नव्हता'. कोऱ्या जागेचा अर्थ 'पाहिलेच नाही'. गावाला गेलात तर अंदाजाने रकाने भरू नका. परतल्यावर साठलेले पाणी 'इतक्या दिवसांचे एकत्र' असे लिहा. हा खरेपणा मुलांच्या अंगी लागला, तर गुणपत्रिकेत त्याचे गुण नसले तरी चालेल.

घरी करणे सोपे आहे. सरळ उभ्या कडांचा, सपाट तळाचा डबा घ्या. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतरावर तो उघड्यावर ठेवा. फूटपट्टीने पाण्याची खोली मिलिमीटरमध्ये मोजा, वहीत लिहा, डबा रिकामा करा. हवामान खाते सकाळी साडेआठला मोजते. आपणही तीच वेळ पाळू. तेव्हा मुले शाळेत असतात, म्हणून घरची नोंद आजी-आजोबांनी घ्यावी. संध्याकाळी नातवंडांनी वही पाहावी. सुटीच्या दिवशी मोजणे त्यांचे.

विश्वस्तांना आमची विनंती एवढीच, की शाळेच्या पटांगणात एक प्रमाणित पर्जन्यमापक बसवावे, म्हणजे घरचे आकडे त्याच्याशी जुळवून पाहता येतील. खर्च फारसा नाही. पालकांनी १५ जूनपासून वही सुरू करावी. सप्टेंबरअखेर सर्व वह्या जमा करून आपण शहराचा नकाशा भिंतीवर लावू आणि प्रत्येक घराच्या जागी त्याचा आकडा लिहू. राजवाडा आणि विजयनगर यांचा वाद तेव्हा मुलेच मिटवतील.