विश्लेषण : एसीतील वायू जाळायचा की पुन्हा वापरायचा?

जुना एसी किंवा फ्रिज भंगारात गेला की त्यातील वायूचे काय करायचे, हा प्रश्न भारतासमोर लवकरच मोठा होणार आहे. किगाली करारानुसार ‘एचएफसी’ वायूंचा वापर २०३२ पासून टप्प्याटप्प्याने कमी करून २०४७ पर्यंत ८५ टक्क्यांनी घटवायचा आहे. या वायूंचे रेणू जाळण्याऐवजी उपयोगात आणता येतील का, यावर रसायनशास्त्रज्ञ संशोधन करत आहेत.

अडचण काय?

कार्बन-फ्लोरिन बंध हा सेंद्रिय रसायनशास्त्रातील सर्वांत मजबूत एकेरी बंधांपैकी एक. त्यामुळे हे वायू यंत्रात टिकतात, पण हवेत गेल्यावरही टिकतात. एचएफसी-१३४ए हा वायू शंभर वर्षांच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या १,४३० पट उष्णता अडवतो. नष्ट करायचा तर प्रचंड तापमानाची भट्टी लागते.

पर्यायी वायू निर्धोक आहेत?

पूर्णपणे नाहीत. नव्या गाड्यांच्या एसीतील एचएफओ-१२३४वायएफ हवेत काही दिवसांतच विघटित होतो. मात्र त्यातून ट्रायफ्लोरोअॅसिटिक आम्ल तयार होते. ते पावसाबरोबर पाण्यात उतरते आणि तिथे दीर्घकाळ राहते.

नवा मार्ग कोणता?

अॅल्युमिनियम सहसा तीन इलेक्ट्रॉन देऊन मोकळा होतो. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील मार्क क्रिमिन यांच्या गटाने एकच इलेक्ट्रॉन दिलेल्या अॅल्युमिनियमचे संयुग वापरले. उरलेल्या दोन इलेक्ट्रॉनांच्या जोरावर हा अणू कार्बन आणि फ्लोरिनच्या मध्ये शिरतो. त्याच्या एका बाजूला फ्लोरिन, तर दुसऱ्या बाजूला कार्बन जोडला जातो. धातू थेट कार्बनला जोडलेल्या अशा संयुगांना सेंद्रिय-धातू संयुगे म्हणतात. ती क्रियाशील असल्याने त्यांच्यापासून दुसरे रेणू घडवता येतात. या गटाने २०१८ मध्ये १२३४वायएफसह काही एचएफओंवर ही अभिक्रिया दाखवली.

मग कारखान्यात का नाही?

अॅल्युमिनियम-फ्लोरिन बंध त्याहूनही घट्ट असतो. त्यामुळे अॅल्युमिनियमचे संयुग एकदाच कामी येते. शिवाय ते हवा आणि ओलावा यांपासून जपावे लागते. थोड्या धातूत भरपूर वायू हाताळणारा उत्प्रेरक मिळेपर्यंत हा मार्ग प्रयोगशाळेपुरताच राहील. आणि तो मिळाला तरी वायू आधी गोळा झालेला असला पाहिजे. दुरुस्तीच्या वेळी हवेत सोडलेला वायू कोणत्याही प्रयोगशाळेला परत आणता येत नाही.